रविवारचे दोन थेंब



दिवाळीच्या दिवसांत किंवा पंधरा ऑगस्टला आपल्या बेळगावच्या, इंदूरच्या वा बडोद्याच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात आपण गेलात, तर एक दृश्य बहुधा नजरेस पडेल. कोटावर बिल्ला लावलेली आठ-दहा प्रतिष्ठित मंडळी खाटांच्या रांगेतून फिरत असतात. कोणाच्या हाती केळ्यांची फणी, कोणाच्या हाती बिस्किटांचे पुडे. छायाचित्रकार पुढे चालत असतो. एखादा रोगी छायाचित्रापुरता अंथरुणावर उठून बसतो आणि मंडळी पुढे सरकली की पुन्हा आडवा होतो. हे मी उपहासाने सांगत नाही. सणासुदीला घरापासून दूर पडलेल्या माणसाजवळ कोणी येऊन उभे राहिले, हे काही थोडे नव्हे. पण केळे संपते, सुट्टीही संपते, आणि दुसऱ्या दिवशी त्या खाटेपाशी कोणी नसते. सुट्टीच्या दिवशीची सेवा सुट्टीबरोबरच संपावी, असा काही नियम आहे काय? या प्रश्नाला इतिहासाने एक उत्तर दिलेले आहे, आणि ते देण्यात अशाच बिल्लेवाल्या मंडळींचा मोठा हात होता. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरी पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन परिचितांना एकत्र बोलाविले. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा अभियंता आणि एक शिंपी. परक्या शहरात स्नेही मिळावेत आणि जमल्यास एकमेकांच्या धंद्यालाही हात लागावा, एवढाच हेतू. बैठक आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत भरे, म्हणून मंडळाचे नाव रोटरी पडले. म्हणजे आरंभी यात सेवा कोठेच नव्हती. ती शिरली दोन वर्षांनी, आणि तीही फारशा काव्यमय वाटेने नव्हे. शहराच्या मध्यभागी सार्वजनिक स्वच्छतागृह असावे, असा आग्रह या मंडळींनी धरला. विरोध कोणी केला असेल? मद्यगृहांच्या पाठीराख्यांनी आणि बड्या दुकानदारांनी! पुरुषांची सोय मद्यगृहात आहे, स्त्रियांची दुकानात आहे, मग नगरपालिकेने खर्च कशाला करावयाचा, असा त्यांचा युक्तिवाद. आत शिरलेला माणूस पेला रिचवल्यावाचून वा काही विकत घेतल्यावाचून बाहेर पडत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. दोन वर्षे खटपट करून १९०९ मध्ये ते स्वच्छतागृह उघडले गेले. रोटरीच्या इतिहासात पहिली लोकसेवा म्हणून याचीच नोंद आहे. एका दिवसात उरकणारे काम नव्हते, म्हणूनच ते टिकले, असे मला वाटते.

पुढे ओहायो प्रांतातील एलिरिया गावी एडगर ॲलन या गृहस्थाचा मुलगा १९०७ च्या ट्रामगाडीच्या अपघातात दगावला. गावात धड रुग्णालय नव्हते. ॲलनने धंदा सोडून रुग्णालय उभारले, तेथून त्याचे लक्ष पंगू मुलांकडे वळले, आणि १९१९ मध्ये रोटरीच्या मदतीने त्याने अशा मुलांसाठी राष्ट्रव्यापी संस्था काढली. १९३४ पासून ईस्टरच्या सणात तिकिटांसारखे कागदी शिक्के विकून ही संस्था निधी जमवू लागली. सण, क्लब आणि पंगू मूल यांची गाठ येथे पडली. भारतात रोटरी आली ती १९२० च्या सुमारास, कलकत्त्यात; त्याच कलकत्त्याचे नितीश लाहरी १९६२-६३ साली या जागतिक संघटनेचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले.

आता पोलिओकडे वळू. बालपक्षाघात या नावाने आपले वडीलधारे ज्या रोगाला ओळखत, तो हाच. त्याचा विषाणू दूषित पाण्यातून, मळलेल्या हातांतून मुलाच्या आतड्यात शिरतो. बहुतेक मुलांना साध्या तापापलीकडे काही होत नाही. पण काही थोड्यांचे पाय एका रात्रीत लुळे पडतात आणि ते जन्मभर तसेच राहतात. १९७९ मध्ये रोटरीने फिलिपीन्स देशातील साठ लाख मुलांना लस देण्याचे काम अंगावर घेतले, आणि १९८५ मध्ये तर साऱ्या जगातून हा रोग हटविण्याच्या मोहिमेसाठी १२ कोटी डॉलर जमविण्याचा संकल्प सोडला. १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख जमले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओच्या निर्मूलनाचा ठराव केला. त्या वेळी सव्वाशेहून अधिक देशांत वर्षाकाठी साडेतीन लाख मुले पंगू होत होती.

पैसा जमला, पण तो खर्चावयाचा कसा? तोंडाने पाजण्याच्या लशीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू असतो. तो आतड्यात जागा धरून बसला म्हणजे खऱ्या विषाणूला थारा मिळत नाही. मुलांना आज एकाला, उद्या दुसऱ्याला अशी लस दिली, तर खरा विषाणू एका घरातून दुसऱ्या घरात पळ काढतो. साऱ्या वस्तीतील मुलांना एकाच वेळी दिली, तर त्याला पळावयास जागाच राहत नाही. म्हणून एक ठरलेला दिवस हवा, आणि तो असा हवा की त्या दिवशी आईबाप घरी आहेत, शाळा रिकाम्या आहेत, आणि मदतीला हात मोकळे आहेत. एल साल्वादोर देशात यादवी चालू असताना १९८५ साली तीन रविवारी दोन्ही पक्षांनी बंदुका खाली ठेवल्या, त्या केवळ मुलांना लस मिळावी म्हणून. युद्धालाही सुट्टी देता येते, हे त्या लहानशा देशाने दाखविले.

आपल्या देशात या पद्धतीचा पाठपुरावा वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. टी. जेकब जॉन यांनी फार आधीपासून केला होता. मोठ्या प्रमाणावरचा प्रारंभ मात्र दिल्लीत झाला. २ ऑक्टोबर १९९४, गांधीजयंतीचा दिवस, आणि त्यात रविवार. दिल्लीचे तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांच्या पुढाकाराने त्या एका दिवशी दहा लाखांहून अधिक मुलांना दोन-दोन थेंब पाजले गेले. ९ डिसेंबर १९९५ रोजी ही मोहीम साऱ्या देशाने उचलली. पुढे हा दिवस बहुधा रविवारच ठरू लागला, आणि लाखो लोकांच्या सुट्टीचा अर्थ बदलला.

शाळेच्या पडवीत एक टेबल, त्यावर निळी शीतपेटी, पिवळे फलक, आणि सकाळी आठापासून रांग. अशा एका केंद्रावर एका रविवारी मीही काही तास बसलो होतो. माझ्याकडे काम होते डाव्या करंगळीच्या नखाला शाई लावण्याचे. कुपीवर एक वर्तुळ व त्यात एक फिकट चौकोन असतो. लशीला ऊन लागले की चौकोन काळवंडत जातो, आणि तो वर्तुळाइतका गडद झाला की कुपी फेकून द्यावयाची. दुपारी एका कुपीचा चौकोन परिचारिकाबाईंना संशयास्पद वाटला. अजून अर्ध्याहून अधिक थेंब शिल्लक होते, रांगेत माणसे होती, आणि आमच्यातील एका उत्साही गृहस्थाचे म्हणणे पडले, “चालेल हो!” बाईंनी त्यांच्याकडे न पाहता कुपी बाजूला टाकली. बिल्ला कोणाच्या कोटावर आहे याला त्या टेबलापाशी काही किंमत नव्हती, आणि ते योग्यच होते.

परंतु टेबल मांडून बसणे हा कामाचा सोपा भाग. १९९९ पासून रविवारनंतरचे दिवस घरोघर जाण्यासाठी राखून ठेवले जाऊ लागले. घरातील सर्व मुले झाली असतील तर भिंतीवर खडूने ‘पी’ हे अक्षर लिहावयाचे, एखादे राहिले असेल तर फुलीसारखे ‘एक्स’. ज्या भिंतीवर फुली, तेथे पुन्हा जावयाचे. उत्तर प्रदेश व बिहारमधील दाट वस्त्यांत, जेथे अतिसार मुलांच्या पाचवीलाच पुजलेला, तेथे दोन-चार मात्रांनी भागत नसे. आठ-आठ, दहा-दहा वेळा थेंब पाजावे लागत. साहजिकच आया विचारीत, की बाळाच्या जुलाबावर औषध मागितले तर मिळत नाही, आणि न मागितलेले थेंब घेऊन तुम्ही महिन्या-दोन महिन्यांनी येता, हे काय गौडबंगाल आहे? या प्रश्नात अडाणीपणा नव्हता. त्यातून अफवा निघाल्या, की या थेंबांनी मुले निपुत्रिक होतात. दारे बंद होऊ लागली. २००२ साली देशात सोळाशे मुले पंगू झाली, त्यांतली बहुतेक उत्तर प्रदेशातील. तेव्हा रोटरीने उलेमांची समिती नेमली. मौलवी स्वतः दारोदार गेले. पोलिओने वाकलेले पाय सरळ करण्यासाठी शस्त्रक्रियेची शिबिरे भरविली. ज्याचा पाय आधीच गेला आहे त्याच्या शेजाऱ्याला लशीविषयी पटविणे सोपे जाते, हे त्यांना अनुभवाने कळले असावे.

आणि ज्यांना दारच नाही, त्यांचे काय? वीटभट्टीवरची, बांधकामावरची, रेल्वेतून हिंडणारी मुले घराच्या यादीत येत नाहीत. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात बीडकडील कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे बेळगाव भागातही उतरतात. कोप्यांत राहतात, आणि फड संपला की पुढे जातात. अशा मुलांसाठी रेल्वे फलाटांवर, बसस्थानकांवर आणि भट्ट्यांवर वेगळ्या तुकड्या बसविल्या गेल्या. २००९ साली ७४१ मुले पंगू झाली, साऱ्या जगातील निम्म्याच्या आसपास रुग्ण आपलेच. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील ६६ आणि बिहारमधील ४१ असे १०७ विकासगट निवडून तेथे लशीबरोबर स्वच्छता, पाणी व अतिसार यांकडेही लक्ष देण्याचे ठरले. म्हणजे त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर अखेर द्यावेच लागले. २०१० च्या आरंभी अधिक परिणामकारक अशी द्विगुणी लसही हाती आली.

या यशाचे श्रेय वाटताना हात जरा आखडता घ्यावा, असे मला वाटते. क्लबांनी पैसा उभारला, फलक व टोप्या दिल्या, वाहने पुरविली, रविवारी माणसे आणली. मुंबईच्या हाफकीन महामंडळासारख्यांनी लस पुरविली. सरकारने सारा गाडा ओढला. पण सोमवारी, मंगळवारी, उन्हात खांद्याला शीतपेटी अडकवून फुलीच्या दारी पुन्हा गेल्या त्या अंगणवाडी सेविका आणि आशाताई, अत्यल्प मानधनावर. प्रत्येक देशव्यापी फेरीत वीस लाखांहून अधिक लस पाजणारे हात लागत. त्यांतले बिल्लेवाले किती आणि खडूवाल्या किती, हे ज्याने ती रांग पाहिली त्याला सांगावयास नको. क्लबांतील जाणते सभासद हे स्वतःच मान्य करतात, हा त्यांचा मोठेपणा.

२०१० मध्ये रुग्णांची संख्या पन्नासाच्या आत आली. १३ जानेवारी २०११ रोजी बंगालमधील हावडा जिल्ह्यातील दीड वर्षाच्या एका मुलीच्या पायातील बळ गेले. वन्य विषाणूने पंगू झालेले भारतातील ते शेवटचे मूल. त्यानंतर तीन वर्षे वाट पाहून २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले. रविवार मात्र थांबले नाहीत. पाकिस्तानात व अफगाणिस्तानात तो विषाणू अद्याप जिवंत आहे, आणि विषाणूला पारपत्र लागत नाही.

परवाच एका शाळेच्या पडवीत तेच टेबल पुन्हा मांडलेले दिसले. रांग पूर्वीइतकी लांब नव्हती. एक लहानगी शाई लावलेली करंगळी उंच धरून पायऱ्यांवरून दुडुदुडु उतरत होती, आणि मागून तिचे आजोबा कुबडीच्या आधाराने सावकाश येत होते.