जुना संगणक भंगारात देताय? आधी कर्नल बदलून बघा

बदलापूर : विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि आसपासच्या गावांत कुणाच्या घरात, शाळेत, दुकानात जुना संगणक पडून असेल तर तो भंगारात काढायचा विचार मनात येतोच. पण मशीन चालू होत असेल तर मोफत मिळणाऱ्या हलक्या लिनक्सवर मुलांचं टायपिंग, हिशेब, पत्रं ही कामं त्यावर होऊ शकतात.

कर्नल म्हणजे काय?
प्रोसेसर, मेमरी, कीबोर्ड, प्रिंटर यांच्याकडून काम करून घेणारा सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहिलं ते इंटेल ३८६ चिपवर. २०१३ च्या ३.८ आवृत्तीत त्याच चिपचा आधार काढून टाकला. म्हणजे नवा कर्नल प्रत्येक जुन्या मशीनवर चालेलच असं नाही.

आधी चिप तपासा
विंडोज ३२-बिट दिसतं म्हणून चिपही ३२-बिट असेल असं समजू नका. कोअर २ ड्युओ चिप ६४-बिट आहे. छोट्या नेटबुकमधली ॲटम एन२७० मात्र ३२-बिटच. चिपचं नाव बघा आणि इंटरनेटवर खात्री करा.

चिप ६४-बिट असेल तर ६४-बिट लिनक्सच टाका. ३२-बिट असेल तर डेबियन १३ चालणार नाही, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीत ३२-बिट कर्नल आणि इन्स्टॉलर नाही. तिथे डेबियन १२ किंवा त्यावर आधारलेलं अँटीएक्स २३ घ्या. काही जुन्या पेंटियम एम लॅपटॉपना 'पीएई' नसलेला कर्नल लागतो. तो नसेल तर मशीन सुरू होतानाच अडकतं.

कर्नल छाटायचा कसा?
'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही कमांड (इंग्रजी छोट्या अक्षरांत, दुसरा शब्द सलग) त्या क्षणी वापरात असलेले ड्रायव्हरच ठेवते, बाकीचे वगळते. म्हणून प्रिंटर, पेन ड्राइव्ह, वायफाय आधी जोडून ठेवा. विसरलात तर नव्या कर्नलमध्ये प्रिंटर सापडणार नाही. कर्नल जुन्या मशीनवर बनवत बसू नका, तासन् तास जातात. नव्या संगणकावर बनवून आणा. जुना कर्नल मात्र पुसू नका. नवा बिघडला तर सुरुवातीच्या मेनूतून जुन्यावर परत जाता येतं.

खरी गोष्ट
कर्नल छाटून मेमरी थोडीच वाचते. मेमरी खातात ते डेस्कटॉप आणि ब्राउझर. त्यामुळे १ जीबी रॅमच्या मशीनला हलका डेस्कटॉप द्या, 'झेडरॅम' चालू करा आणि ब्राउझरमध्ये एका वेळी एकच पान उघडा. बहुतेकांना तयार कर्नल पुरतो. छाटणी करायची ती शिकण्यासाठी, नाहीतर फारच कमी मेमरी असेल तेव्हा.

लक्षात ठेवा
लिनक्स टाकण्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा. पेन ड्राइव्हवरून आधी न बसवताच चालवून बघा. एवढं करूनही मशीन भंगारातच द्यायचं ठरलं, तर हार्ड डिस्क काढून घ्या. त्यात तुमच्या आधार कार्डाची, बँकेच्या पासबुकाची प्रत असू शकते.