वेशीबाहेरचा विद्यार्थी: अमेरिकी राज्य विद्यापीठांतील गुणवत्ता शिष्यवृत्तीचा इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विद्यापीठे स्थापणे आणि चालवणे हे प्रामुख्याने घटक राज्यांचे काम मानले गेले, आणि त्यामुळे तेथील सार्वजनिक विद्यापीठ, म्हणजे राज्याने स्थापन केलेले व राज्याच्या तिजोरीतून पोसले गेलेले विद्यापीठ, विद्यार्थ्यांमध्ये रहिवासी आणि परराज्यातील असा भेद करत आले. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाच्या सार्वजनिक संस्थांतील जाहीर वार्षिक शुल्काची सरासरी रहिवाशांसाठी ११,२६० डॉलर, तर परराज्यातील विद्यार्थ्यांसाठी २९,१५० डॉलर होती. हे अंतर कमी करणारी किंवा पूर्णपणे मिटवणारी जी सवलत विद्यापीठे कुटुंबाचे उत्पन्न न पाहता केवळ शालेय गुण आणि प्रवेश परीक्षेतील कामगिरी यांच्या आधारे देतात, तिला गुणवत्ता शिष्यवृत्ती म्हणतात. पालक आणि विद्यार्थी तिच्याकडे हुशारीचे बक्षीस म्हणून पाहतात, आणि ज्याला ती मिळते त्याच्यापुरते ते खरेही असते. तथापि या शिष्यवृत्तीचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, आपल्या वेशीच्या आत कोण हवा आणि कोण नको, याविषयी राज्याने वेळोवेळी घेतलेले निर्णयच तिच्या रूपाने व्यवहारात उतरत गेले.

या व्यवस्थेचा पाया १८६२ साली घातला गेला. व्हर्माँटचे प्रतिनिधी जस्टिन मॉरिल यांनी मांडलेल्या आणि अब्राहम लिंकन यांनी २ जुलै १८६२ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने प्रत्येक राज्याला, अमेरिकी संसदेतील त्याच्या दर सभासदामागे ३०,००० एकर या प्रमाणात, सरकारी जमीन किंवा तिचे हक्कपत्र दिले आणि तिच्या विक्रीतून येणाऱ्या निधीवर शेती व यांत्रिक कला शिकवणारी महाविद्यालये उभी करण्यास सांगितले. वर्ध्याहून निघालेले क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे विसाव्या शतकाच्या आरंभी ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतील ज्या कृषी महाविद्यालयांत शिकले, ती याच भूदानाची अपत्ये होत. जमीन केंद्राने दिली असली, तरी इमारती, पगार आणि रोजचा खर्च यांचा भार हळूहळू राज्यांच्या करदात्यांवर पडत गेला, आणि ज्याने कर भरला त्याच्या मुलाला शिक्षण स्वस्त मिळावे हा विचार रूढ झाला. १८६८ साली स्थापन झालेल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मूळ कायद्यात तर उत्पन्न पुरेसे होताच राज्यातील सर्व रहिवाशांना शिक्षण विनाशुल्क द्यावे असे म्हटले होते. ही उदार तरतूद रहिवाशांपुरती होती. परराज्यातील विद्यार्थ्याविषयी तिने कोणतेही आश्वासन दिले नव्हते. मिशिगन विद्यापीठाने तर १८६०च्या दशकातच बाहेरच्यांकडून अधिक प्रवेश शुल्क घेण्यास सुरुवात केली होती.

रहिवासी कोणाला म्हणावे, या प्रश्नाने पुढे न्यायालयांचा बराच वेळ घेतला. महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्रासाठी तहसील कार्यालयात खेटे घातलेल्या वाचकाला यातील अडचण वेगळी समजावून सांगायला नको. बहुतेक राज्यांनी किमान एक वर्ष वास्तव्याची अट घातली. १९६९ साली संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी घातलेली अशीच एक वर्षाची अट रद्द केली, तेव्हा विद्यापीठांची अटही टिकणार नाही असे अनेकांना वाटले; परंतु मिनेसोटा राज्याच्या प्रकरणात न्यायालयांनी उपजीविकेची मदत आणि उच्च शिक्षण यांत फरक केला आणि १९७१ मध्ये ती अट कायम राहिली. कनेक्टिकट राज्याचा नियम याहून कठोर होता. विवाहित विद्यार्थ्याचा अर्ज करतानाचा कायदेशीर पत्ता राज्याबाहेरचा असेल, तर पदवी मिळेपर्यंत तो बाहेरचाच मानला जाई, मग मधल्या काळात त्याचे आयुष्य कितीही बदललेले असो. कॅलिफोर्नियातून अर्ज केलेल्या एका विद्यार्थिनीने कनेक्टिकटच्या कायम रहिवाशाशी लग्न केले, त्या राज्याचा वाहन परवाना घेतला, तेथे मतदार म्हणून नाव नोंदवले, तरीही दुसऱ्या सत्रात रहिवाशाकडून १७५ डॉलर घेतले जात असताना तिच्याकडून ४२५ डॉलर शुल्क आणि वर २०० डॉलरचा परराज्य आकार मागण्यात आला. व्लांडिस विरुद्ध क्लाइन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली निर्णय दिला की, राज्याने शुल्कात भेद करण्यास हरकत नाही, मात्र आपण आता येथलेच आहोत हे सिद्ध करण्याची संधी विद्यार्थ्याला नाकारता येणार नाही. दुहेरी शुल्काला या निर्णयाने घटनात्मक स्थैर्य मिळाले. त्या शुल्काच्या वरच्या पायरीवरून सवलत देऊन कोणाला खाली आणायचे, हे ठरवण्याचा अधिकार विद्यापीठांकडेच राहिला.

दरम्यान परराज्यातील शिक्षणासाठी राज्याच्या तिजोरीतून पैसे देण्याची एक अगदी उलट दिशेची प्रथा दक्षिणेकडील राज्यांत अनेक दशके चालू होती, आणि गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या इतिहासात तिचा उल्लेख फारसा होत नाही ही खेदाची गोष्ट आहे. या राज्यांची मुख्य विद्यापीठे केवळ गोऱ्यांसाठी होती. कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने कायदा, वैद्यक किंवा पदव्युत्तर शिक्षण मागितले, तर ते देणारी संस्था राज्यातील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत बहुधा नसे. अशा वेळी स्वतःच्या विद्यापीठाचे दार उघडण्याऐवजी राज्य त्याला बाहेर जाण्यासाठी पैसे देई. मेरिलँडच्या विधिमंडळाने १९३५ साली यासाठी १०,००० डॉलर मंजूर केले, म्हणजे प्रत्येकी २०० डॉलरच्या ५० शिष्यवृत्त्या. अर्जदार मात्र त्याहून कितीतरी अधिक होते. मिसूरी राज्यातील लॉइड गेन्स या कृष्णवर्णीय पदवीधराने १९३५ मध्ये राज्य विद्यापीठाच्या विधी शाखेत प्रवेश मागितला, तेव्हा त्याला आयोवा, कॅन्सस, नेब्रास्का किंवा इलिनॉय येथे जाऊन शिकण्याचा आणि तेथले शुल्क मिसूरीकडून घेण्याचा सल्ला देण्यात आला. वकील चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी त्याची बाजू सर्वोच्च न्यायालयात लढवली. १२ डिसेंबर १९३८ रोजी सरन्यायाधीश चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी दिलेल्या बहुमताच्या निकालात असे स्पष्ट झाले की, समान वागणुकीचे कर्तव्य राज्याने आपल्या हद्दीतच पार पाडले पाहिजे, ते शेजारच्या राज्यावर ढकलता येत नाही. निकाल हाती असतानाच, मार्च १९३९ मध्ये, गेन्स शिकागोतून बेपत्ता झाला आणि त्याचा ठावठिकाणा आजतागायत लागलेला नाही. मिसूरीने कृष्णवर्णीयांसाठी वेगळी विधी शाळा उघडून वेळ मारून नेली, आणि इतर राज्यांनी बाहेर पाठवण्याची शिष्यवृत्ती पुढेही चालू ठेवली.

अलाबामा हे त्यांपैकी एक होते. माँटगोमेरी येथील फ्रेड ग्रे या तरुणाला आपल्या राज्यात कायदा शिकता येत नव्हता. अलाबामाने त्याच्या ओहायोतील शिक्षणाचा खर्च उचलला, आणि तेथून वकील होऊन परतलेल्या याच ग्रे यांनी पुढे बसमधील वर्णभेदाला विरोध करणाऱ्या रोझा पार्क्स यांचे वकीलपत्र घेतले. अलाबामा विद्यापीठात १९५६ साली ऑथरीन ल्यूसी या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला प्रवेश मिळाला, पण जमावाच्या हिंसेनंतर विद्यापीठाने जमावाऐवजी त्यांनाच काढून टाकले. ११ जून १९६३ रोजी व्हिव्हियन मेलोन आणि जेम्स हूड या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या वेळी राज्यपाल जॉर्ज वॉलेस स्वतः दारात उभे राहिले आणि केंद्राने हाताखाली घेतलेल्या नॅशनल गार्डच्या सैनिकांपुढेच ते बाजूला झाले. या विद्यापीठाचे नाव पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून हा तपशील येथे विस्ताराने दिला.

गुणवत्तेच्या नावाने विद्यार्थी हेरण्याची आधुनिक यंत्रणा १९५५ साली नॅशनल मेरिट या खासगी संस्थेच्या स्थापनेने उभी राहिली. देशभर घेतल्या जाणाऱ्या एकाच परीक्षेतून निवडलेल्या अंतिम फेरीतील विद्यार्थ्यांची यादी तयार होऊ लागली, आणि कोणत्या राज्यातील कोणत्या शाळेत हुशार मूल आहे हे दूरच्या विद्यापीठालाही समजू लागले. त्याच सुमारास राज्यांच्या प्रादेशिक मंडळांनी शेजाऱ्यांसाठी सवलती आखल्या. न्यू इंग्लंडमध्ये १९५७ पासून, दक्षिणेत १९७४ पासून, तर पश्चिमेकडील राज्यांत १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून अशा योजना चालू झाल्या. पश्चिमेच्या योजनेत बाहेरच्या विद्यार्थ्याने रहिवासी शुल्काच्या दीडपटीपेक्षा अधिक भरू नये असा नियम आहे. या करारांचा हेतू प्रत्येक राज्याने प्रत्येक अभ्यासक्रम उघडण्याचा खर्च वाचावा हा होता, आणि आजही परराज्यात शिक्षण घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तीच सर्वांत भरवशाची वाट ठरते, कारण तिच्यात दरवर्षी बदलणाऱ्या विद्यापीठीय मर्जीचा भाग कमी असतो.

१९८३ साली एका साप्ताहिकाने महाविद्यालयांची क्रमवारी प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली आणि नवागत विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गुणांना विद्यापीठांच्या लेखी बाजारमूल्य आले. १९९३ साली जॉर्जिया राज्याने राज्यपाल झेल मिलर यांच्या पुढाकाराने लॉटरीच्या उत्पन्नातून होप शिष्यवृत्ती सुरू केली; ठरावीक सरासरी राखणाऱ्या रहिवाशाला राज्यातील सार्वजनिक विद्यापीठात शुल्क भरावे लागू नये अशी ती योजना होती, आणि हुशार मुले राज्याबाहेर जाऊ नयेत हा तिचा उघड उद्देश होता. फ्लोरिडाने १९९७ मध्ये तिचे अनुकरण केले. अलाबामाच्या मतदारांनी १९९९ साली लॉटरीचा प्रस्ताव नाकारल्यामुळे त्या राज्याकडे असा निधी नव्हता, आणि आपल्या मुलांना थोपवण्याचे काय, बाहेरच्यांना आणण्याचे काय, दोन्ही कामे विद्यापीठाला स्वतःच करावी लागली.

२००३ साली रॉबर्ट विट अलाबामा विद्यापीठाचे अध्यक्ष झाले तेव्हा तेथे सुमारे २०,००० विद्यार्थी होते. पुढील बारा-तेरा वर्षांत ही संख्या ३७,००० च्या वर गेली आणि त्यांत परराज्यातील विद्यार्थ्यांचे बहुमत झाले. इतर राज्यांत कायम राहून काम करणारे भरती अधिकारी विद्यापीठाने नेमले आणि शिष्यवृत्तीचे कोष्टक जाहीर केले, ज्यात मुलाखत, निबंध किंवा प्रतीक्षा यांना स्थान नव्हते. एसीटी या प्रवेश परीक्षेत ३६ पैकी ३२ वा अधिक गुण आणि शालेय सरासरी ३.५ असेल, तर काही वर्षे परराज्यातील विद्यार्थ्याचेही संपूर्ण शिक्षण शुल्क माफ होत असे. शिकागो किंवा अटलांटाच्या उपनगरातील पालकाला घरी बसून नेमकी रक्कम समजत होती, आणि योजनेचे खरे बळ या खात्रीत होते. २०१५ च्या सुमारास विद्यापीठाचा गुणवत्ता शिष्यवृत्तींवरील वार्षिक खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात पोहोचला होता. यामागचा हिशेब एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होतो. रहिवाशाचे शुल्क १०,००० आणि बाहेरच्याचे ३०,००० डॉलर असेल, तर बाहेरच्या विद्यार्थ्याला निम्मी सूट दिल्यावरही तो १५,००० डॉलर भरतो, म्हणजे रहिवाशापेक्षा दीडपट. संपूर्ण माफी मिळालेल्या अत्यंत गुणी विद्यार्थ्यामुळे क्रमवारी सुधारते, त्या नावलौकिकामुळे काही न मिळालेले किंवा थोडे मिळालेले अनेक जण येतात, आणि त्यांच्या शुल्कातून सर्व खर्च वसूल होतो. २००८ च्या मंदीनंतर राज्यांनी विद्यापीठांचे अनुदान कापले तेव्हा इतर अनेक विद्यापीठांनी हाच मार्ग धरला.

ज्या राज्याने एकेकाळी आपल्याच मुलांना बाहेर पाठवण्यासाठी पैसे मोजले, त्याच्या मुख्य विद्यापीठाने अर्ध्या शतकानंतर परक्यांना आत आणण्यासाठी पैसे मोजावेत, या गोष्टीचा विचार धोरणकर्त्यांनी पुरेसा केला असे म्हणता येत नाही. हे खरे की नव्या शिष्यवृत्तीत वर्णाची अट नाही. तथापि परीक्षेतील गुण आणि कुटुंबाची सांपत्तिक स्थिती यांचा संबंध सर्वश्रुत आहे, आणि उत्पन्न न पाहता वाटलेल्या पैशातील मोठा वाटा ज्यांना त्याची निकड कमी अशाच घरांत जातो. ग्रामीण अलाबामातील गरीब विद्यार्थ्याची, विशेषतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्याची, जागा त्या मानाने वाढली नाही. मॉरिल यांच्या कायद्यात श्रमजीवी (‘इंडस्ट्रियल’) वर्गांचा उल्लेख नावानिशी होता, हे येथे आवर्जून लक्षात घ्यावे लागते.

काही राज्यांनी वेळीच मर्यादा घातल्या. नॉर्थ कॅरोलायनाने १९८६ पासून नव्या प्रवेशांत परराज्यातील विद्यार्थ्यांचे प्रमाण १८ टक्क्यांपर्यंत ठेवले, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाने राज्य लेखापरीक्षकांच्या टीकेनंतर २०१७ साली आपल्या अनेक परिसरांसाठी तितकीच कमाल मर्यादा स्वीकारली. अशा विद्यापीठांत बाहेरच्यासाठी मोठी शिष्यवृत्ती क्वचितच आढळते, कारण पूर्ण शुल्क भरणाऱ्यांचीच तेथे रांग असते. शिष्यवृत्ती शोधणाऱ्याला ती जेथे विद्यार्थ्यांची गरज आहे तेथेच सापडते, आणि त्यामुळे ओक्लाहोमा, मिसिसिपी, केंटकी यांसारख्या राज्यांची नावे अशा शोधात वारंवार पुढे येतात.

परदेशी विद्यार्थी हा या व्यवस्थेत कायमचा बाहेरचाच असतो, आणि १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर वाढत्या संख्येने अमेरिकेत गेलेल्या मराठी अभियंत्यांपैकी अनेकांना राज्य विद्यापीठांचे दार उघडले ते अध्यापन किंवा संशोधन साहाय्यकाच्या जागेने, जिच्यासोबत बहुधा परराज्य शुल्काची माफी येत असे. टेक्सासमध्ये याहून सोपी तरतूद कायद्यातच आहे. रहिवाशांसह सर्वांसाठी खुल्या असलेल्या स्पर्धेतून किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या परराज्यातील किंवा परदेशी विद्यार्थ्याकडून विद्यापीठ रहिवासी दरानेच शुल्क घेऊ शकते. पुणे किंवा नाशिकहून डॅलस, आर्लिंग्टन वा कॉलेज स्टेशन येथे गेलेल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्या हजार डॉलरपेक्षा त्यांच्यामुळे उतरणारा दरच कितीतरी मोलाचा असतो. मात्र अशी सवलत एखाद्या विद्यापीठाने एकूण विद्यार्थिसंख्येच्या पाच टक्क्यांहून अधिक जणांना देऊ नये, अशी मर्यादाही त्याच कायद्याने घातली आहे.