माशाच्या पोटात काय आहे? ब्लॅग्डनच्या डॉक्टरची गोष्ट

मागच्या भागाच्या शेवटी मी म्हणालो होतो की पुढचा भाग धरणांवर करू. आज मी माशांवर बोलणार आहे. पण मासे धरणातलेच आहेत, त्यामुळे शब्द पाळला असं समजा.

दोन वर्षांपूर्वी प्रोजेक्टसाठी मी सहा महिने ब्रिस्टलला होतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला हे शहर आहे. टीममध्ये एक साठीला आलेले टेस्टर होते, शांत माणूस. एका शुक्रवारी त्यांनी विचारलं, उद्या काय करतोयस? मी म्हटलं, कपडे धुणार. ते म्हणाले, मग ब्लॅग्डनला चल. तिथे आयुष्यात पहिल्यांदा मी फ्लाय रॉड हातात धरला आणि पहिल्या तासाभरात तीन गोष्टी पकडल्या. मागचं कुंपण, माझी टोपी आणि त्यांचं जॅकेट. मासा एकही नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात, मासा वासाने, चवीने येतो. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसं, लोकर, रेशीम गुंडाळून खोटा किडा बनवतात. त्याला वजनच नसतं, म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं आणि ती जाड दोरी हवेत मागे-पुढे झुलवत पाण्यावर टाकायची. थोडक्यात, माशीने मासा फसवायचा. आणि मासा कोणता, तर ट्राउट. याला थंड पाणी लागतं, म्हणून भारतात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा ठिकाणीच दिसतो, तोही इंग्रजांनी आणलेला. आपल्या महाराष्ट्राच्या उन्हात तो टिकायचा नाही.

आता ब्लॅग्डन. पुण्याला जसं खडकवासला, तसं ब्रिस्टलला हे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिस्टलची वस्ती वाढली, पाणी पुरेना, म्हणून तिथल्या वॉटरवर्क्स कंपनीने मेंडिप टेकड्यांच्या पायथ्याशी यो नावाच्या छोट्या नदीवर धरण बांधलं. सामान आणायला रेल्वेचा फाटा टाकला, तो १९०१ मध्ये सुरू झाला. पाणी उपसायला वाफेवर चालणारी प्रचंड बीम इंजिनं बसवली. त्यातली दोन अजून जागेवर आहेत, मी बघितली, आणि खरं सांगतो, माशांपेक्षा मला तीच जास्त आवडली. साधारण ४४० एकरांचं पाणी झालं. १९०४ मध्ये ते मासेमारीसाठी खुलं केलं, आणि पहिल्या काही वर्षांत तिथे असे ट्राउट निघाले की इंग्लंडभर बोभाटा झाला. ह्यू शेरिंगहॅम हा ‘द फील्ड’ साप्ताहिकाचा मासेमारीचा संपादक, त्याने ब्लॅग्डनवर लिहिलं. हॅरी प्लंकेट ग्रीन हा त्या काळचा नामवंत गायक, त्याने आपल्या १९२४ च्या पुस्तकात ब्लॅग्डनबद्दल लिहिलं. लोक लांबलांबून गाडीने यायचे.

एवढे मोठे मासे आले कुठून? इथे मला थांबायचंय.

नवीन धरण भरतं तेव्हा पाण्याखाली काय जातं? कुरणं, शेतं, कुंपणाची झुडपं, शेणखताने पोसलेली माती. बुडालेल्या गवतात लाखो गांडुळं, गोगलगायी. मग गवत कुजतं, त्यातलं नत्र-स्फुरद पाण्यात उतरतं, शेवाळ आणि पाणवनस्पती वाढतात, त्यावर किडे वाढतात. आणि खाणारे मासे मात्र थोडेच. म्हणजे हजार माणसांचं जेवण आणि पंगतीला पन्नास पानं. मासे फुगणारच. पण ही शिदोरी एकदाच मिळते. काही वर्षांत जमिनीतला कस संपतो, माशांची संख्या वाढते, आणि आकार खाली येतो. ब्लॅग्डनला हेच झालं, आणि नंतर जवळपास प्रत्येक नव्या जलाशयात हेच झालं. ग्रॅफम वॉटर १९६६ मध्ये सुरू झालं, तिथेही पहिल्या हंगामांच्या आठवणी लोक अजून काढतात.

माझ्या आजीचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली आहे. लहानपणी आम्ही तिकडून जायचो तेव्हा आजी शिवसागराकडे बोट करून म्हणायची, ‘आमचं खळं त्या तिथं.’ मला फक्त पाणी दिसायचं. ब्लॅग्डनच्या त्या पहिल्या अजस्र माशांबद्दल वाचताना मला आजीचं खळं आठवलं. ते मासे कुणाच्या तरी कुरणावर पोसले होते. ब्लॅग्डनच्या शेजारचं च्यू व्हॅली लेक तर त्याहून मोठं, १२०० एकरांचं. १९५६ च्या एप्रिलमध्ये राणी एलिझाबेथने त्याचं उद्घाटन केलं. भरण्याआधी फिलिप राट्झ या पुरातत्त्वज्ञाने तिथे घाईघाईने उत्खनन केलं. रोमन काळातलं घर सापडलं, आणि तिथल्या विहिरीत शाईने लिहिलेली लाकडी पाटी. मग पाणी सोडलं.

असो. मूळ गोष्टीकडे येतो.

ब्लॅग्डनच्या भरभराटीच्या दिवसांत लोक मासे पकडायचे कशाने? सॅमनसाठी बनवलेल्या मोठमोठ्या, रंगीबेरंगी, चांदीच्या तारेच्या माश्यांनी. निसर्गात असा किडा कुठेच नाही. एखाद्याने जरीकाठी शालू नेसून भाजी आणायला जावं तसा थाट. पण मासे उपाशी होते, मोठे होते, घेत होते. मग कोण कशाला डोकं चालवणार? सिस्टीम चालू असेपर्यंत लॉग कोणी उघडत नाही, हे आम्ही रोज बघतो.

नदीवर मात्र असं नव्हतं. दक्षिण इंग्लंडच्या स्वच्छ, चुनखडीच्या नद्यांवर फ्रेडरिक हॅलफर्डने किडा ओळखून त्याची हुबेहूब नक्कल करायची शिस्त आधीच घालून दिली होती, पण फक्त पाण्यावर तरंगणाऱ्या किड्याची. जी. ई. एम. स्क्यूज हा वकील म्हणाला, अहो, ट्राउट बहुतेक खाणं पाण्याखाली खातो. १९१० मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि यावर पुढे कित्येक वर्षं भांडणं झाली, अगदी १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर वादसभा भरली. स्क्यूज वकिलासारखाच पुरावा मागायचा. हाडातला मगज काढायचा लांबट चमचा असतो, तो मेलेल्या माशाच्या घशातून आत घालून पोटातला माल बाहेर काढायचा आणि बघायचा.

पण नदीची ही विद्या तलावावर जशीच्या तशी चालत नाही. नदीतला ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी उभा राहतो, खाणं त्याच्याकडे वाहत येतं. म्हणजे भाजीवाला दारावर येतो. तलावातल्या ट्राउटला स्वतः मंडईत फिरावं लागतं. तो कुठे फिरतो, किती खोल फिरतो, कोणत्या महिन्यात कोणत्या गाळ्यावर थांबतो, हे कळलं नाही तर तुम्ही दिवसभर रिकाम्या पाण्यावर दोरी मारत बसता. माझ्यासारखं.

इथे आमचा डॉक्टर येतो. डॉ. एच. ए. बेल. ब्लॅग्डनच्या परिसरात प्रॅक्टिस करणारा गावचा डॉक्टर. १९२० च्या दशकापासून तो या तलावावर मासेमारी करत होता. लाजाळू, एकटा राहणारा. त्याने काय केलं? पकडलेल्या माशांची पोटं उघडली आणि आत काय आहे ते पाहिलं. हंगामभर, वर्षानुवर्षं. आणि त्याला आत चांदीची तार लागलेलं काही सापडलं नाही. सापडले बारीक काळे-हिरवे कोष, कॅडिस माशीच्या पिल्लावस्था, पाण्यातले छोटे ढेकूण. मग त्याने त्यांच्यासारख्या छोट्या, साध्या, मळकट माश्या बांधल्या. ब्लॅग्डन बझर, अंबर निम्फ, ग्रेनेडियर. ही नावं अजूनही तिकडच्या दुकानांत ऐकू येतात.

यातला बझर समजून घ्या, कारण तलावावरच्या मासेमारीचा पाया तोच आहे. कायरोनोमिड म्हणून एक चिलटासारखा किडा असतो, चावत नाही. त्याची अळी तळाच्या चिखलात राहते. तिथे प्राणवायू कमी, म्हणून तिच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन, त्यामुळे लालभडक. पुढे ती कोषात जाते आणि तो कोष हळूहळू वर येतो. पृष्ठभागाला येऊन लटकतो, डोक्यावर श्वासाचे पांढरे तुरे. आता पाण्याचा पापुद्रा फोडून बाहेर पडायचं. संथ संध्याकाळी तो पापुद्रा त्याच्यासाठी जाड काचेसारखा होतो, कोष अडकून बसतात. नेमक्या त्या वेळी ट्राउट वाऱ्याच्या दिशेला तोंड करून, पृष्ठभागाच्या किंचित खालून, एकामागून एक गिळत जातो. बेलच्या बझरला डोक्याशी पांढऱ्या धाग्याचा तुरा आहे तो याचसाठी. आणि चालवायचा कसा? जवळजवळ न हलवता. मोठी चमकती माशी भराभर ओढणाऱ्यांना हा आळशीपणा वाटला असणार.

वर्षाचं चक्रही या पोटांमधूनच कळतं. मार्चअखेर पाणी गार, मासे खोल. एप्रिल-मेमध्ये बझर जोरात. जूनच्या संध्याकाळी कॅडिस. भर उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, मासे खाली सरकतात, दुपारी काही म्हणजे काही होत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वारा लांब पायांचे क्रेन फ्लाय गवतातून पाण्यावर आणून टाकतो, आणि शरद ऋतूत ट्राउट छोट्या माशांच्या पिल्लांवर तुटून पडतात. मग ब्राउन ट्राउटचा अंडी घालायचा काळ, तेव्हा त्यांची मासेमारी बंद. रेनबो ट्राउट मूळचा अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचा, तो इंग्लंडात सहसा प्रजनन करत नाही, त्याला हॅचरीत वाढवून सोडावं लागतं.

पण बेलने यावर पुस्तक लिहिलं नाही. आमच्याकडे एक सीनियर होते, सोळा वर्षं एकच मॉड्यूल सांभाळलेलं. ते गेले आणि आम्ही तीन महिने नुसते कोड वाचत बसलो, कारण त्यांनी का केलं ते कुठेच नव्हतं, फक्त काय केलं ते होतं. बेलचंही तसंच. माश्या उरल्या. त्यामागचं डोकं इतरांच्या आठवणींतून, पुढे पत्रकार कॉनराड व्हॉस बार्कसारख्यांनी लिहून ठेवलं म्हणून कळतं. जलाशयावरच्या मासेमारीचं नावाजलेलं पुस्तक टी. सी. आयव्हन्सचं, १९५२ चं. त्याची एक प्रसिद्ध माशी आहे जर्सी हर्ड. जर्सी गाईच्या दुधाच्या बाटलीचं सोनेरी झाकण असायचं ना, त्याच्या पत्र्याने बांधलेली! पुस्तक लिहिलं म्हणून आयव्हन्सचं नाव जास्त झालं, यात त्याचा दोष काही नाही. पण मला हे जरा लागतं.

शेवटच्या आठवड्यात, मे महिन्यात, मी पुन्हा ब्लॅग्डनला गेलो. संध्याकाळी वारा पडला. मला काही लागलं नाही, पण आमच्या टेस्टरसाहेबांना दीड पौंडाचा रेनबो लागला. त्यांनी तो मारला, खिशातून लांबट चमचा काढला आणि घशातला माल एका पांढऱ्या बशीत, थोड्या पाण्यात सोडला. म्हणाले, बघ. आधी नुसता काळा लगदा दिसला. मग पाणी स्थिर झालं, आणि एकेक कोष सुटा झाला. तांदळाच्या दाण्याएवढे, वाकलेले, डोक्यावर पांढरा तुरा. मी मोजायला लागलो, चाळीसपर्यंत आलो आणि थांबलो, कारण त्यातला एक अजून वळवळत होता.

चला, पुढच्या भागात भेटू.