माझगावच्या टेकडीवरून दिसलेली माणसे

मागच्या वेळी आपण तैलचित्रातल्या चेहऱ्यांविषयी बोललो. आज अम्लरेखनाकडे, म्हणजे ज्याला चित्रकार एचिंग म्हणतात त्याकडे वळू. आणि सुरुवात माझगावपासूनच करू.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला. त्याने मुंबई बेटाची आणि परिसराची बारा दृश्ये केली. त्यांत माझगावच्या बेलमाँटवरून दिसणारा देखावाही आहे. १७९५ मध्ये तो वारला. हा संच लंडनमध्ये १८०० साली निघाला. मुंबईचा इतिहास शिकताना ही चित्रे आम्ही वारंवार पाहिली. झाडी, खाडी, बंगले सगळे नीट दिसते. माणसेही आहेत, पण लहान लहान. ती उभी आहेत, चालताहेत. कोण आहेत, कसल्या विवंचनेत आहेत, काही कळत नाही.

आता हाच वेल्स पुण्याला गेला, तेव्हा त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची तैलचित्रे केली. नानांच्या चेहऱ्यावर काय चालले आहे, याचा आपण आजही विचार करत बसतो. म्हणजे चेहरा रंगवणे वेल्सला येत नव्हते असे नाही.

मग दोष माध्यमाचा म्हणायचा का? हे माध्यम बघा. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईने त्यावर रेघ ओढतात आणि पत्रा आम्लात ठेवतात. उघड्या पडलेल्या रेघेतले तांबे आम्ल खाते. जास्त वेळ ठेवले तर रेघ खोल जाते आणि छपाईत काळी उमटते. हात मात्र कागदावर चालावा तसाच मोकळा चालतो. म्हणून तर रेम्ब्रांटने १६३० मध्ये जेमतेम पाच सेंटिमीटरच्या पत्र्यावर स्वतःचा दचकलेला चेहरा कोरला. १६४८ मध्ये त्याने दाराशी भिक्षा घेणारे कुटुंब काढले. तिथेही आकृती लहानच आहेत, पण पुढे आलेल्या हातावरून आणि वाकलेल्या खांद्यांवरून त्यांची अवस्था कळते.

तेव्हा आकार लहान असणे ही काही सबब होत नाही. अर्थात वेल्सवर अन्यायही करायला नको. त्याला देखावा काढायचा होता आणि देखाव्यात माणूस मापापुरता येतो: झाड केवढे, घर केवढे हे कळावे म्हणून. पण आम्हाला वाटते, खरा प्रश्न इथेच आहे. माणूस कशासाठी पाहिला जातो, यावर त्याला चेहरा मिळणार की नाही ते ठरते.

शंभर वर्षांनी, १८९० च्या दशकात, जर्मनीत केटे कोलवित्झने विणकरांच्या उठावावर चित्रमालिका केली. त्यातल्या मोर्चाच्या अम्लरेखनात एक बाई झोपलेले मूल पाठीवर घेऊन चालते आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांत ज्यांच्या घरची माणसे होती, त्यांना ती बाई कोण हे सांगावे लागत नाही.

आपल्या माझगावात वेल्सच्या काळी कोळी होते, भंडारी होते, बंदरावर राबणारे होते. त्यांचे चेहरे या संचात नाहीत. तरीही पुढच्या वेळी हे चित्र पाहाल, तेव्हा भिंग घेऊन त्या लहान आकृतींपाशी थोडे थांबा. त्या काळच्या माणसांचे एवढेच आपल्या हाती राहिले असेल, तर निदान ते तरी नीट पाहायला हवे.