गॅरेजमधल्या डक्टची कुळकथा

अमेरिकेत घरी विमान बांधून त्यात माझदाचं रोटरी इंजिन बसवणाऱ्या मंडळींच्या गॅरेजमध्ये एक वस्तू वारंवार दिसते: जनरल मोटर्सच्या गाडीतल्या एसीचा इव्हॅपोरेटर. गाडीत तो डॅशबोर्डमागे बसून हवा गार करतो, विमानात तोच रेडिएटर होतो. एसीच्या गॅसचा दाब सोसेल असा बनवलेला असल्याने पाण्याच्या दाबाचं त्याला काहीच वाटत नाही. अॅल्युमिनियमचा म्हणून हलका, आणि जाड असल्याने थोड्या तोंडात पुष्कळ पृष्ठभाग. पाइप जोडण्यासाठी तोंडं वेल्डिंग करून घ्यायची, असे दोन नग बसवायचे, की रेडिएटर तयार. तरीही अशी कित्येक विमानं पहिल्या उड्डाणात तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकताना पाहून घाईने धावपट्टीवर परतली आहेत. दोष बहुतेक वेळा रेडिएटरचा नसतो. हवा त्याच्यापर्यंत कशी येते आणि पुढे कशी जाते, त्या वाटेचा असतो. त्या वाटेचं, म्हणजे डक्टचं, कुळ फार मोठं आहे.

आधी इंजिनाबद्दल. पहिल्या महायुद्धातल्या विमानांत सिलिंडरच गरगर फिरणारी रोटरी इंजिनं असत आणि ती हवेनेच थंड होत. त्यांच्याशी याचं नातं नाही. इथली रोटरी म्हणजे फेलिक्स वांकेलची. ती 1957 साली जर्मनीत एनएसयू कंपनीत प्रथम चालली आणि माझदाने 1967 मध्ये कॉस्मो गाडीतून नावारूपाला आणली. त्रिकोणी रोटर, मधोमध एक शाफ्ट, व्हॉल्व्ह नाहीत, पिस्टन नाहीत. 13बी इंजिनात दोन रोटर असतात, क्षमता 1308 सीसी. कमी हलते भाग, नगण्य थरथर आणि भंगारातल्या माझदा आरएक्स-7 गाड्यांमधून स्वस्तात मिळणारा माल, एवढ्यावर विमान बांधणाऱ्यांचा जीव या इंजिनावर जडला.

पण ते तापट आहे. पिस्टन इंजिनात गार मिश्रण जिथे शिरतं तिथेच ते जळतं, म्हणून सिलिंडरला आळीपाळीने उसंत मिळते. रोटरीत स्फोट कायम रोटर ज्यात फिरतो त्या घराच्या एकाच बाजूला होतो. स्पार्क प्लगभोवतीचा भाग भाजून निघतो आणि समोरची बाजू त्या मानाने गार राहते. रोटर आतून तेलाने थंड होतो, म्हणून तेलाकडेही उष्णतेचा मोठा वाटा जातो, ढोबळमानाने एक तृतीयांश. म्हणजे एक सोडून दोन रेडिएटर, एक पाण्याचा आणि एक तेलाचा. इंजिनाची रचनाही अशी की अॅल्युमिनियमची घरं आणि लोखंडी बाजूपट्ट्या एकावर एक रचून लांब बोल्टांनी आवळलेल्या असतात. अति तापलं की अॅल्युमिनियम जास्त फुगतं, पाण्याची सीलं चिरडतात आणि पाणी आत झिरपतं. पिस्टन इंजिन एखादा ताप सोसून जातं. रोटरी तो विसरत नाही.

आता डक्टकडे. राइट बंधूंच्या 1903 च्या विमानावर रेडिएटर म्हणजे खांबाला बांधलेल्या उभ्या चपट्या नळ्या होत्या, वाऱ्यात उघड्यावर. त्या वेगाला ते चालून गेलं. वेग वाढला तसा उघडा रेडिएटर विमानाला मागे ओढू लागला, कारण वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. 1915 साली ह्यूगो युंकर्सने रेडिएटर नळकांड्यात बंद करण्याची कल्पना पेटंट केली, पण ती पुढे बराच काळ बाजूलाच राहिली. दरम्यान शर्यतीच्या विमानांनी वेगळी वाट धरली. 1931 ची श्नायडर ट्रॉफी जिंकणाऱ्या सुपरमरीन एस.6बीचे पंख आणि तरंगणारे फ्लोट हेच रेडिएटर होते, पत्र्याखालून पाणी फिरायचं. शर्यतीपुरतं झकास. लढाईत एक गोळी लागली की सगळं पाणी गेलं.

1935 मध्ये इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी हिशोबच फिरवला. रेडिएटर बोगद्यात ठेवा. येणाऱ्या हवेला आधी पसरू द्या, म्हणजे ती मंदावेल आणि तिचा दाब वाढेल. मंद हवा रेडिएटरमधून जाताना ओढ थोडी होते. तापलेली हवा मग अरुंद तोंडातून बाहेर काढा, म्हणजे ती पुन्हा वेग घेईल आणि वाया जाणाऱ्या उष्णतेतून थोडा धक्काही परत देईल. स्पिटफायर, हरिकेन, मग 1940 च्या ऑक्टोबरात प्रथम उडालेला मस्टँग, ही लढाऊ विमानं याच वाटेने गेली. मस्टँगच्या पोटाखालच्या रेडिएटरचं तोंड पोटाला चिकटवलेलं नाही, मध्ये फट सोडली आहे. विमानाच्या कातडीलगतची सुस्तावलेली हवा त्या फटीतून निघून जाते, आणि रेडिएटरला ताजी, जोरकस हवा मिळते. स्पिटफायरच्या तोंडाला ही सवलत नव्हती, त्याची किंमत त्याने मोजली.

मेरेडिथच्या त्या धक्क्याचं कौतुक मला नेहमी जरा जास्तच वाटत आलं आहे. घरी बांधलेल्या विमानाच्या वेगाला तो जेमतेम जाणवतो. खरं मोल हवेला मंद करण्याच्या कसबात आहे, आणि ते कसब नीट मांडलं ते दोघा जर्मनांनी. डिट्रिश क्युखेमान आणि योहाना वेबर यांनी गटिंगेनच्या वायुगतिकी प्रयोगशाळेत एकत्र काम केलं आणि महायुद्धानंतर ते फार्नबरोला आले. पुढे कॉन्कॉर्डच्या पंखाचा पायाही त्यांच्याच कामातून घातला गेला. 1953 मध्ये त्यांचं ‘एरोडायनॅमिक्स ऑफ प्रोपल्शन’ प्रसिद्ध झालं. रेडिएटरच्या डक्टवरचा त्यातला भाग व्यावसायिक जगात लवकरच मागे पडला, कारण लढाऊ विमानं जेटवर गेली आणि छोटी विमानं हवेने थंड होणाऱ्या इंजिनांवर. तो भाग पुन्हा पानं चाळून वाचला गेला तो रोटरीवाल्यांच्या गॅरेजमध्ये. ‘के अँड डब्ल्यू’ म्हटलं की त्यांना पुढे काही सांगावं लागत नाही.

त्या पुस्तकात सापडलेला आकार पाहताना चुकीचा वाटतो. सरळसोट सुरुवातीपासून रुंदावत जाणारा डक्ट आपण काढू. पण भिंती भराभर दूर गेल्या की हवा त्यांना सोडून मधोमध झोत करून धावते आणि रेडिएटरचे कोपरे कोरडे राहतात. या दोघांचा आकार सनईच्या तोंडासारखा: बराच वेळ अरुंद, आणि रेडिएटरच्या अगदी जवळ एकदम पसरलेला. रेडिएटरचा स्वतःचा अडथळाच हवेला समान पसरवतो, त्यामुळे ती भिंत सोडत नाही.

हिशोब मांडून पाहू. पूर्ण ताकदीवर चढताना 100 किलोवॉट उष्णता हवेत टाकायची आहे आणि हवेला 45 अंशांनी तापू द्यायचं आहे, असं धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे 2.2 किलो, जवळपास दोन घनमीटर हवा हवी. विमान सेकंदाला 50 मीटर वेगाने चढतंय तर तोंडाला 400 चौरस सेंटिमीटरच्या आतबाहेर जागा पुरते. त्याच हवेने रेडिएटरमधून सेकंदाला 10 मीटरने जावं, म्हणून तिथे पाचपट क्षेत्र लागतं. आणि हाताशी दाब किती? 50 मीटरच्या वेगाला फक्त 15 सेंटिमीटर पाण्याइतका. वेग दुप्पट झाला की 60. म्हणून खरी परीक्षा चढताना. उडत्या वेगाला हवा जास्तच होते, आणि मग मागच्या झडपेने बाहेरचं तोंड आवळावं लागतं.

हा दाब मोजायला ही मंडळी जुना वेगमापक वापरतात, नाहीतर पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरतात. एक टोक रेडिएटरच्या पुढे, दुसरं मागे. पंधरापैकी किती सेंटिमीटर उरले, यावरून डक्टची किंमत ठरते. डक्ट बनतो असा: थर्मोकोलचा ठोकळा करवतीने आणि पॉलिश पेपरने सनईच्या आकारात आणायचा, वर काचकापड आणि इपॉक्सीचे थर द्यायचे, सुकलं की आतलं थर्मोकोल अॅसिटोनने विरघळवून टाकायचं. इपॉक्सी अॅसिटोनला पुरून उरते. शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं: रेडिएटर आणि डक्टमधली प्रत्येक फट बुजवणं. बोटभर फट राहिली तरी हवा अडथळा टाळून तिथूनच निसटते.

आपल्याकडे घरच्या विमानाचं नाव घेतलं की कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव आठवतात. तिथल्या किंवा अमेरिकेतल्या गच्ची-गॅरेजला पवनबोगदा कुठून असणार? म्हणूनच सत्तर वर्षांपूर्वीचं पुस्तक आणि रंगीत पाण्याची नळी यांना इतकी किंमत आहे.

माझदाची रोटरीवरची आरएक्स-8 गाडी बंद झाली 2012 मध्ये. पण डक्टची गरज संपलेली नाही. स्टुटगार्टमध्ये 2016 साली उडालेलं एचवाय4 हे हायड्रोजनवरचं विमान फ्युएल सेलवर चालतं. तसा सेल 60 ते 80 अंशांच्या आसपास काम करतो आणि त्याची बहुतेक उष्णता धुराड्यातून नव्हे, पाण्यातूनच बाहेर काढावी लागते. पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातला फरक रोटरीपेक्षाही कमी, म्हणजे रेडिएटर आणखी मोठा, आणि डक्टचं गणित आणखी नाजूक.