मुलाचा ताप आणि रिपोर्टची वाट

भगिनींनो, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा पहिल्याप्रथम पाककृती लिहावी असे मनात आले. पण कपाटातील जुने कागद आवरताना मंडळाची ती निळ्या पुठ्ठ्याची वही हाती लागली आणि विचार बदलला. त्या वहीत 2021 सालच्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्या आळीतील कोणकोणत्या मुलांना ताप आला, स्वॅब कधी दिला आणि रिपोर्ट कधी आला, हे तारीखवार लिहिलेले आहे. ती पाने वाचताना वाटले, की करोनाच्या काळाचा इतिहास पुढे मोठे लोक लिहितीलच; पण तापलेले मूल मांडीवर घेऊन रिपोर्टची वाट पाहणाऱ्या आईचा इतिहास आपणच लिहून ठेवला पाहिजे.

साथ आपल्या पुण्याला नवी नाही. 1897 साली येथे प्लेगने कहर केला. सोजीर घरात शिरून रोगी शोधीत, म्हणून लोक आपली दुखणाईत माणसे लपवून ठेवीत. त्या दिवसांत सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या यशवंताच्या दवाखान्यात गेल्या, आणि त्याच रोगाची बाधा होऊन 10 मार्च 1897 रोजी त्यांनी देह ठेवला, ही हकीकत आपण दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला सांगतो. त्या काळी घरच्या बाईला प्लेग ओळखण्याची खूण एकच ठाऊक होती, ती म्हणजे काखेत अगर जांघेत आलेली गाठ. गाठ दिसली की कळे. पण तोवर उशीर झालेला असे.

पुढे 1952 साली ह्याच पुण्यात विषाणूंच्या अभ्यासासाठी एक केंद्र निघाले. आज त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. आपल्यापैकी पुष्कळजणींनी तिची पाटी बसमधून जाता-येता पाहिली असेल, परंतु आत काय चालते याची चौकशी कोणी केली नव्हती. ती करण्याची पाळी 2009 साली आली. त्या वर्षी स्वाइन फ्लूची साथ आली, आणि 3 ऑगस्टला देशातील त्या रोगाचा पहिला मृत्यू झाला तो आपल्याच गावातील एका शाळकरी मुलीचा. आयांच्या तोंडचे पाणी पळाले. शाळा बंद झाल्या, नाकाला रुमाल बांधलेली मुले घेऊन नायडू रुग्णालयापाशी रांगा लागल्या. घशातील द्रवाची तपासणी तेव्हा मोजक्याच ठिकाणी होई, त्यांत ही संस्था मुख्य. ज्याला त्याला आपल्या मुलाची तपासणी आजच्या आज हवी, आणि तपासणारे हात थोडे! ती रांग ओसरली आणि आपण सारे ती विसरलो. बारा वर्षांनी तशीच रांग पुन्हा लागेल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

30 जानेवारी 2020 रोजी केरळात देशातील पहिला करोनाचा रोगी सापडला. त्याचे निदान पुण्याच्या ह्या संस्थेनेच केले. आरंभी साऱ्या देशाचा भार तिच्यावरच होता. 9 मार्चला आपल्या शहरात पहिले दोन रोगी निघाले, आणि 25 मार्चपासून सारा देश घरात बसला. त्या वेळचा नियम असा, की जो परदेशातून आला आहे अगर अशा रोग्याच्या सहवासात आला आहे आणि ज्याला लक्षणे आहेत, त्याचीच तपासणी करावयाची. पुढे रुग्णालयात दाखल झालेल्या, श्वासाचा त्रास असलेल्यांची भर पडली. वाड्यातल्या एखाद्या मुलाला साधा ताप आला आणि घरातील कोणी विमानात पाऊल ठेवलेले नसेल, तर त्याच्या आईने काय करावे? ती डॉक्टरांकडे जाई. डॉक्टर म्हणत, नियमात बसत नाही. आणि शेजारी दार लावून घेत. नियम करणारांचाही इलाज नव्हता, कारण तपासणीचे साहित्यच तुटपुंजे होते.

ह्या साहित्याच्या बाबतीत एका बाईचे नाव आपल्या मंडळाने अवश्य स्मरणात ठेवावे. सौ. मीनल दाखवे-भोसले यांनी पुण्यातील मायलॅब ह्या कंपनीत आपल्या सहकाऱ्यांसह सहा आठवड्यांत भारतीय बनावटीचा तपासणी संच तयार केला. त्या वेळी त्यांचे दिवस अगदी भरत आलेले होते. 18 मार्च 2020 रोजी त्यांनी संच परीक्षेसाठी विषाणू संस्थेकडे सोपविला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना मुलगी झाली. 23 मार्चला संचाला मान्यता मिळाली. एका संचात शंभर नमुने तपासता येत, आणि सहा-सात तासांचे काम अडीच तासांत उरके.

मग प्रयोगशाळा वाढू लागल्या. एकीचे हजार झाले, हजाराच्या दुप्पट झाल्या, आणि मे 2021 पर्यंत देशात अडीच हजारांवर गेल्या. तपासणीचा खर्चही उतरला. आरंभी खाजगी प्रयोगशाळेत साडेचार हजार रुपयांपर्यंत घेण्यास परवानगी होती. 8 एप्रिल 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी सर्वांना फुकट करावी असे सांगितले, पण पाचच दिवसांनी ती सवलत गरिबांपुरती ठेवली. आपल्या राज्य सरकारने जून 2020 मध्ये 2200 रुपये दर ठरविला आणि उतरवीत उतरवीत 31 मार्च 2021 रोजी तो 500 रुपयांवर आणला. नियमही सैल झाले. मुंबईत 7 जुलै 2020 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून तपासणी करून घेता येऊ लागली, आणि सप्टेंबरात, मागेल त्याची तपासणी करावी, असा सल्ला दिल्लीहून निघाला.

हे सारे वाचून कोणालाही वाटेल, की आता आईला कसली अडचण? पैसे कमी, चिठ्ठी नको, प्रयोगशाळा भरपूर. पण भगिनींनो, दर उतरला तरी वेळ उतरली नाही, आणि तापलेल्या मुलाच्या घरी पैशापेक्षा वेळच अधिक मोलाचा असतो. ह्याचा दाखला मला स्वतःच्या घरचा द्यावा लागत आहे.

रविवार, 18 एप्रिल 2021. त्या एका दिवसात राज्यात 68,631 नवे रोगी निघाले. त्याच रात्री आमच्या धाकट्याचे अंग तापले. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. सोमवारी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, तर ते दारातूनच म्हणाले, "ताई, आधी स्वॅब द्या. रिपोर्ट आल्याखेरीज मी काही ठरवू शकत नाही." तपासणीच्या केंद्रावर गेले तो टोकन संपलेले. खाजगीत फोन केले. तीन दिवस घरी येणारा माणूस नाही, असे उत्तर आले. मंगळवारी पहाटे साडेपाचला पुन्हा केंद्र गाठले. माझ्यापुढे साठ-एक माणसे होती. त्यात खोकणारी होती, धापा टाकणारी होती. ज्या गर्दीपासून मुलाला वर्षभर जपले, त्याच गर्दीत त्याला खांद्यावर घेऊन मी सहा तास उभी होते. फॉर्म इंग्रजीत, माझे शिक्षण सातवीपर्यंत. मागे उभ्या असलेल्या कॉलेजातील मुलीने तो भरून दिला. तिचे भले होवो! निळ्या पोशाखातील मुलगा घामाने निथळत होता. त्याने आमच्या बाळ्याला "मोठा आ कर, वाघासारखा" म्हटले आणि क्षणात काडी फिरवली. त्या बिचाऱ्याला मी बोल लावणार नाही.

"चोवीस तासांत मेसेज येईल," असे सांगितले होते. बुधवार गेला. गुरुवारी ताप 103 वर चढला. मीठ-पाण्याच्या घड्या, पॅरासिटेमॉल आणि देवाचे नाव, एवढेच माझ्या हाती होते. एका दवाखान्यात नेले, तर म्हणाले, रिपोर्टवाचून आत घेता येत नाही. करोनाच्या ठिकाणी विचारले, तर म्हणाले, पॉझिटिव्ह असल्याचा कागद आणा. म्हणजे रोग असल्याचा पुरावा नाही म्हणून इकडे नाही, आणि रोग नसल्याचा पुरावा नाही म्हणून तिकडेही नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी वैद्य नाडी तरी पाहत होता."

शनिवारी संध्याकाळी मेसेज आला: निगेटिव्ह. मी आनंदाने रडले. डॉक्टरांनी लगेच रक्त तपासले, आणि कळले की मुलाला मुदतीचा ताप आहे. टायफॉइड! औषध सुरू झाले, आणि देवदयेने तीन आठवड्यांत मूल हिंडू-फिरू लागले. पण पहिले सहा दिवस जे फुकट गेले, ते करोनाने नेले नाहीत. ते रिपोर्टच्या वाटेने नेले. ज्यांच्या मुलांना खरोखरच करोना होता, त्यांच्या घरी आजी-आजोबा त्या सहा दिवसांत त्याच खोलीत निजत होते, हे वेगळे सांगावयास नकोच.

पुढे मी एका जाणत्या भाच्याला विचारले, की यंत्राला काही तासच लागतात तर दिवस कसे जातात? त्याने समजावून दिले ते असे. काडी औषधाच्या नळीत घालून थंड पेटीतून प्रयोगशाळेत जाते. तेथे नाव-नंबर टिपतात. मग त्यातील विषाणूचा अंश वेगळा काढून 96 खळग्यांच्या ताटलीत घालतात आणि ती यंत्रात ठेवतात. यंत्र त्या अंशाची पुनःपुन्हा दुप्पट करते, म्हणून तो असला तर दिसतो. नंतर निकाल सरकारी संगणकावर चढवावयाचा. यंत्राचा वेळ ठरलेला. खोळंबा होतो तो आधी आणि नंतर. नळ्यांचे ढीग साचतात, नोंद करणारे आजारी पडतात. 4 मे 2021 रोजी वैद्यकीय संशोधन परिषदेनेच जाहीर केले, की प्रयोगशाळांवर फार ताण आहे आणि त्यांतील माणसांनाही बाधा होत आहे, म्हणून गरज नसताना पुन्हा तपासणी करू नये. आणि 8 मे रोजी केंद्र सरकारने कळविले, की रोगाचा संशय असलेल्याला पॉझिटिव्ह रिपोर्ट नाही म्हणून रुग्णालयाने परत पाठवू नये. हा हुकूम आमच्या गुरुवारी निघाला असता, तर!

त्यानंतर वाट थोडी सोपी झाली. 19 मे 2021 रोजी घरच्या घरी पंधरा मिनिटांत करावयाच्या तपासणीस मान्यता मिळाली. तिची किंमत 250 रुपये. जूनमध्ये मुलांच्या उपचारासंबंधी सरकारी सूचना निघाल्या. त्यात बारा वर्षांवरील मुलाच्या बोटाला ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र लावून त्याला सहा मिनिटे चालवून पाहावे, असे सांगितले होते. रिपोर्ट येईतो आईला स्वतःला काही पाहता येईल, अशी ही सोय. ती दोन महिने आधी कळली असती तर किती बरे झाले असते!

आता निळ्या वहीविषयी. माझी हकीकत ऐकून मंडळाच्या चौघीजणी मेच्या पहिल्या आठवड्यात केंद्राच्या प्रमुखांना भेटल्या. त्यांनी एकच मागणे मागितले: लहान मुलांचा नंबर मोठ्या माणसाने लावावा, मूल घरी राहावे, आणि पाळी आली की आणावे. साहेब क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "हे आम्हाला सुचायला हवे होते." दुसऱ्या दिवसापासून मुलांसाठी सावलीत वेगळे बाक पडले. आपल्यापैकी दोघी पाळीपाळीने पहाटे जाऊन नंबर लावू लागल्या, मॅट्रिक झालेल्या मुली फॉर्म भरून देऊ लागल्या, आणि वहीत तारखा पडू लागल्या. वहीत सतरा मुलांची नावे आहेत. पहिल्या पानावर रिपोर्टला पाच दिवस लागलेले दिसतात; शेवटच्या पानावर दोन. त्यात आपला वाटा किती आणि साथ ओसरल्याचा किती, ते देव जाणे. पण रांगेत मूल घेऊन उभी राहिलेली आई शेवटच्या पानावर एकही नाही, एवढे मात्र खरे.

5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. 2009 ची रांग आपण विसरलो, तशी हीही विसरू, हीच मला भीती वाटते. साथ पुन्हा येईल तेव्हा तिचे नाव दुसरे असेल, पण दारात उभ्या आईचा प्रश्न हाच असेल, की माझ्या लेकराला काय झाले आहे ते मला आज कोण सांगेल? उत्तर लवकर मिळावे यासाठी सरकारने काय करावे ते सरकार पाहील, आणि आपणही त्याला आठवण देत राहू. तोवर ती निळी वही मंडळाच्या कपाटात वरच्या खणात ठेवावी, आणि पुढची कोरी पाने फाडू नयेत, एवढीच माझी सर्व भगिनींना विनंती आहे.