मोहनिद्रा आणि वैद्यकाचा पूर्वग्रह

अमान्य ठरलेल्या उपपत्तीबरोबर तिने पुढे आणलेला अनुभवही पुष्कळदा हद्दपार होतो. मेस्मरच्या चुंबकविद्येचे असेच झाले. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या मंडळाने (फ्रँकलिन आणि लव्हाझिए हे त्याचे सदस्य होते) चुंबकद्रव अस्तित्वातच नाही, दिसणारे परिणाम कल्पनाशक्तीचे आहेत, असा निर्वाळा दिला. निर्णय बिनतोड होता. परंतु नुसती कल्पना देहावर एवढा अंमल कसा गाजविते, हा त्यातूनच उद्भवणारा प्रश्न वैद्यकाने दीर्घकाळ बाजूस ठेवला.

१८४२ मध्ये इंग्लंडातील नॉटिंगहॅमशायरमध्ये मोहनिद्रेतील एका मजुराचा पाय मांडीतून कापण्यात आला. लंडनच्या वैद्यकीय सभेत तो वृत्तांत वाचला गेला, तेव्हा रोगी वेदना दडवीत असावा, अशी शंका काढण्यात आली. मांडी कापली जात असता माणूस ढोंग करीत राहतो, यावर विश्वास ठेवणे त्या विद्वानांना अधिक सुलभ वाटले! त्याच वर्षी जेम्स ब्रेडने चुंबकद्रव सर्वस्वी नाकारून एकाग्र अवधानाच्या आधारे या अवस्थेची मीमांसा केली. तरी मँचेस्टरच्या विज्ञानपरिषदेने त्याचा निबंध स्वीकारला नाही.

बंगालमधील परिस्थिती काहीशी निराळी होती. हुगळीचा सरकारी शल्यवैद्य जेम्स एस्डेल याने ४ एप्रिल १८४५ रोजी तुरुंगातील एका कैद्यावर पहिला प्रयोग केला. आठ महिन्यांत ७३ वेदनारहित शस्त्रक्रिया झाल्याची नोंद त्याच्या १८४६ च्या ग्रंथात आहे. रोग्यावर तासन्‌तास हात फिरविण्याचे कष्टाचे काम त्याचे एतद्देशीय साहाय्यक करीत. कीर्ती मात्र एस्डेलच्या वाट्यास आली. कैद्याला नकार देण्याची मोकळीक कितपत होती, हा प्रश्नही उरतोच. सरकारी समितीच्या पाहणीनंतर त्याच वर्षी कलकत्त्यास त्याच्यासाठी एक लहानसे रुग्णालय उघडण्यात आले.

एस्डेलचा पराभव केवळ पूर्वग्रहाने केला, असे मात्र म्हणता येत नाही. १८४६ च्या ऑक्टोबरात बॉस्टनला ईथर आले, पुढल्या वर्षी क्लोरोफॉर्म. रोग्याच्या श्रद्धेची वाट न पाहता ती काही मिनिटांत गुंगी आणीत. शिवाय एस्डेल स्वतः चुंबकद्रवाला अखेरपर्यंत चिकटून राहिला. विरोधकांनी द्रवाबरोबर अनुभव टाकला, त्याने अनुभवाबरोबर द्रवही जपला. ब्रेडची मधली वाट दोघांनाही रुचण्याजोगी नव्हती. प्रसूती व शस्त्रक्रिया यांतील वेदनाशमनासाठी संमोहनाचा उपयोग ब्रिटिश वैद्यक संघाच्या समितीने मान्य केला तो १९५५ मध्ये.